ल्युसीलची नक्कल आणि मिरजेची जवारी

आधी व्यवहाराचं सांगतो. ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी हा एक परिच्छेद वाचून उठलं तरी चालेल. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारखान्यात मी माझी इलेक्ट्रिक गिटार दुरुस्तीला टाकली होती. हो, तंबोऱ्याच्या कारखान्यात. मानेचा सांधा नव्यानं बसवला, पोटाची सुटलेली कड चिकटवली, डोक्याकडची तारांची पट्टी म्हणजे नट हाडाचं घासून बसवलं. एकूण खर्च ४२०० रुपये. बोलले होते गणपतीच्या आत, दिली दसऱ्यानंतर आठ दिवसांनी. काम अव्वल, वायद्यात नापास. पाचपैकी चार तारे, आणि तोही चौथा तारा मी रागाच्या भरात एकदा काढून परत लावलेला आहे.

दुकानाचं नाव देत नाही, कारण कारखान्यातल्या चाचांनीच बजावलंय. "लिहा काय लिहायचं ते, पण गिटारवाल्यांची रांग लावू नका आमच्या दारात." कारखान्याची खूण म्हणून सांगायचं तर पुढच्या पडवीत भोपळे टांगलेले आहेत. आता त्या गल्लीत भोपळे नसलेलं दार शोधून दाखवा.

माझ्याबद्दल थोडं. मी सांगलीत एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. पण १९९२ ते २००१ या काळात तासगाव, विटा, कवठेमहांकाळ पट्ट्यात ज्यांनी ज्यांनी गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐकला, त्यांनी मला बघितलेलं असण्याची शक्यता आहे. ड्रमच्या मागं, अर्धा खांबाआड, पांढरे बूट. त्या दिवसांत टेम्पोतून परत येताना आमच्या कीबोर्डवाल्यानं एक कॅसेट लावली. एक माणूस दोन ओळी गातो, थांबतो, आणि मग गिटारीचा एकच सूर येतो. एकच. मी तोवर गिटार म्हणजे जितकी बोटं पळतील तितकी चांगली असं समजत होतो. त्या एका सुरावर समोरची गर्दी किंचाळत होती. ते रेकॉर्डिंग शिकागोच्या रीगल थिएटरमधलं, २१ नोव्हेंबर १९६४ चं. माणूस बी. बी. किंग, अमेरिकेतला ब्लूज गाणारा आणि गिटार वाजवणारा.

२०१४ मध्ये मी जुन्या बाजारात एक काळी गिटार घेतली. किंगच्या गिटारीचं नाव ल्युसील. ही तिची स्वस्तातली नक्कल, पण रंग, सोनेरी खुंट्या, आतून अर्धी पोकळ अंगलट सगळं तसंच. आणि मुख्य म्हणजे पोटावर भोकं नाहीत. व्हायोलिनसारखी दोन वळणदार भोकं अशा गिटारींना असतात, ल्युसीलला नाहीत. कारण आवाज मोठा केला की स्पीकरमधून आलेला आवाज त्या पोकळीत घुमून शिट्टी मारायला लागतो. किंग पूर्वी त्या भोकांत टॉवेल कोंबायचा. १९८० मध्ये गिब्सन कंपनीनं त्याच्या नावाचं मॉडेल काढलं ते भोकं बंद करूनच. टॉवेलाचा खर्च वाचला म्हणायचं.

याच बंद पोटानं माझा घात केला.

ऑगस्ट २०१९. आमचं घर गावभागात. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की जिन्याच्या पायऱ्या एकेक करून कमी होताहेत. आईला उचललं, तिची औषधं घेतली, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, आणि गिटार पिशवीसकट कपाटाच्या डोक्यावर ठेवली. नावेत बसल्यावर आठवलं की कपाट सहाच फुटी आहे. परत गेलो नाही. परत जायचं मनातही आलं नाही, खरं सांगतो.

आता किंगचं बघा. १९४९ चा हिवाळा, आर्कान्सामधलं ट्विस्ट नावाचं खेडं, तिथला लाकडी नाचघर. थंडी म्हणून मधोमध पिंपात रॉकेल पेटवून ठेवलेलं. दोघांची मारामारी जुंपली, पिंप कलंडलं, जाळ जमिनीवरून पसरला. सगळे बाहेर पळाले, किंगही पळाला. आणि बाहेर आल्यावर आठवलं की गिटार आतच राहिली. तीस डॉलरची गिटार. तो परत आत शिरला आणि ती घेऊन आला. त्या आगीत दोन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी कळलं की भांडण एका बाईवरून होतं आणि तिचं नाव ल्युसील. असला वेडेपणा परत करायचा नाही, हे लक्षात राहावं म्हणून त्यानं गिटारीला तेच नाव दिलं, आणि पुढच्या प्रत्येक गिटारीलाही. लोक या गोष्टीत प्रेम बघतात. मला त्यात तीस डॉलर दिसतात. ज्याच्याकडं दुसरी गिटार घ्यायला पैसे नाहीत, तोच आगीत शिरतो.

तर पाणी ओसरल्यावर गिटार मिळाली. वायर खुपसायच्या जॅकच्या भोकातून पाणी आत गेलेलं, बाहेर यायला वाट नाही. उलटी करून हलवली तर आत गाळ वाजायचा. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात घेऊन गेलो. त्यांनी १८०० रुपये घेतले, गाळ काढला, प्लास्टिकचं नवं नट लावलं आणि सांगितलं, "काका, लाकूड गेलंय, नवीन घ्या." परत आणून वाजवली तर पहिली तार मोकळी सोडली की झणझणायची, डब्यावर पत्रा हलावा तशी. मान किंचित पुढं आलेली, त्यामुळं तारा उंच. बोटं दाबून दाबून सोलायची. ठेवून दिली. सहा वर्षं.

गेल्या जूनमध्ये लक्षात आलं की १६ सप्टेंबर २०२५ ला किंगच्या जन्माला शंभर वर्षं होताहेत. त्या दिवशी ही वाजलीच पाहिजे असं डोक्यात बसलं. आणि एका भजनी मंडळातल्या मित्रानं सुचवलं, मिरजेला दाखव की.

मिरजेबद्दल बाहेरच्यांना थोडक्यात: इथली सतारमेकर घराणी मूळची शिकलगार, हत्यारं करणारी. हत्यारांचे दिवस संपत आले तसे १९ व्या शतकात वाद्यांकडं वळली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, लाकूड तूणीचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा कागद गल्लीत काही ठिकाणी लावलेला दिसतो. देशभरच्या गवयांचे तंबोरे इथं जवारी काढायला येतात. तिथं मी चीनमध्ये बनलेली काळी, सोनेरी खुंट्यांची वस्तू घेऊन गेलो. लाज वाटत होती.

चाचांनी ती मांडीवर घेतली. पोटावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, मध्ये, मग कडेला, मग परत मध्ये.

"मधे लाकूड भरलंय. कडेला पोकळ. भोक नाही. मग आवाज कुठून काढता हो?"

"लाईटवर."

"हां. मग पोट कशाला दिलंय याला?"

याला उत्तर मला आलं नाही. मग त्यांनी पहिली तार मोकळी छेडली आणि ती नेहमीसारखी झणझणली. चाचा हसायला लागले. मुलाला हाक मारली, "इकडं ये, बघ, यांनी जवारी लावून आणलीय."

मी म्हटलं चाचा, हाच तर दोष आहे. तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मला वीस वर्षं गिटार वाजवून कुणी सांगितलेलं नव्हतं. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे पोटावरची तारा टेकतात ती पट्टी, सपाट असते, अगदी किंचित उताराची. तार तिथून एकदम सुटत नाही, त्या उतारावर घासत घासत सुटते. त्या घासण्यातून वरचे सगळे सूर जागे होतात. तो उतार केसभर इकडं तिकडं करून, खाली सुताचा दोरा सरकवून हवा तो नाद मिळवायचा, म्हणजे जवारी काढायची. गिटारीला नेमकं उलटं पाहिजे. तार एका धारेवरून ताडकन सुटली पाहिजे. शहरातल्या पोरानं नटाची खाच सपाट घासली, त्यामुळं तार तिथं लोळत होती. "त्याला माहीत नव्हतं त्यानं काय केलं. चुकून आमचं काम करून बसला." मग म्हणाले, "मी आयुष्यभर तार लोळवतो. तुमची उभी करतो."

मला वाटलं होतं, तंबोरेवाले गिटार हातात घेऊन गोंधळतील. गोंधळायचं काम मी एकटाच करत होतो.

त्यांनी विचारलं, कशासाठी दुरुस्त करताय, कार्यक्रम आहे का. मी मोबाईलवर 'द थ्रिल इज गॉन' लावलं. १९६९ चं रेकॉर्डिंग, मूळ गाणं रॉय हॉकिन्सचं १९५१ मधलं, पण आज कुणी ते हॉकिन्सचं म्हणून ओळखत नाही. चाचांनी हातातली कानस खाली ठेवली. पहिल्या गिटारीच्या तुकड्यानंतर म्हणाले, "हा गवई आहे. वाजवणारा नाही." थोड्या वेळानं, "गंधार कुठला लावतोय? कोमल म्हणावा तर वर आहे, शुद्ध म्हणावा तर पोचत नाही." आणि मग, जेव्हा मागून व्हायोलिनं आली, "हे कशाला घातलंय?"

व्हायोलिनं निर्माता बिल सिमझिकच्या डोक्यातून आली होती, आणि त्या व्हायोलिनांसकट ते गाणं किंगचं सगळ्यात मोठं गाणं ठरलं, ग्रॅमी मिळालं. हे मी चाचांना सांगितलं. त्यांचं मत बदललं नाही. माझंही, खरं तर, त्यांच्याकडंच झुकतं.

पण गंधाराचं त्यांनी बरोबर पकडलं. ब्लूजचा सगळा जीव त्या मधल्या गंधारात आहे. पियानोवर तो नाहीच. पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास आणतात. गिटारीवर तार आडवी ओढून तिथवर जाता येतं. आपल्या भाषेत मींड. किंगच्या आईचा मावसभाऊ लागायचा बुक्का व्हाइट, तो बोटात धातूची नळी घालून तारेवरून सरकवायचा आणि गिटार रडवायचा. किंग १९४६ मध्ये मेम्फिसला त्याच्याकडं राहिला, पण ती नळी काही त्याला जमेना. मग तो आवाज नुसत्या बोटानं काढायचा म्हणून त्यानं डावा हात थरथरवायला सुरुवात केली. अंगठा सुटलेला, पंजा फुलपाखरासारखा हलतोय. जगभर ज्याची नक्कल होते तो कंप एका न जमलेल्या गोष्टीतून आला. गाताना त्याला गिटारीवर स्वरसंगती, म्हणजे कॉर्डही, धरता यायची नाही, हे तो स्वतः कबूल करायचा. गाणं थांबलं की गिटार, गिटार थांबली की गाणं. ऑर्केस्ट्रात असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला ट्रँगल वाजवायला बसवलं असतं.

मेम्फिसला तो गेला कसा, हेही आमच्या भागातल्या माणसाला ऐकण्यासारखं आहे. जन्म मिसिसिपीतल्या इट्टा बेनाजवळच्या कापसाच्या मळ्यावर, १९२५. नाव रायली. आई लहानपणीच गेली. पुढं इंडियानोलाला मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. वाट्यानं शेती, मालकाच्या दुकानातून उधारी, हंगामाच्या शेवटी हिशोब केला की देणं उरलेलंच. वसुलीचं काम करतो म्हणून सांगतो, ऊसतोडीच्या टोळ्यांची उचल ज्यांनी जवळून बघितलीय त्यांना हा हिशोब समजावून द्यावा लागत नाही. शनिवारी चौकात उभा राहून गायचा. देवाची गाणी म्हटली की लोक डोक्यावरून हात फिरवायचे. ब्लूज म्हटला की पैसे टाकायचे. तिथंच त्याचं ठरलं. आणि १९४६ मध्ये एके दिवशी शेडमध्ये ट्रॅक्टर लावताना त्याचा धुराडा मोडला. मालकाच्या भीतीनं खिशात अडीच डॉलर आणि हातात गिटार घेऊन पळाला, थेट मेम्फिस. पुढं परत आला, देणं फेडलं, आणि मग १९४८ मध्ये कायमचा गेला. देणं फेडायला परत येणारा माणूस मी माझ्या नोकरीत फारसा बघितलेला नाही.

मेम्फिसला डब्ल्यूडीआयए या रेडिओवर पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात गाऊन त्यानं सुरुवात केली. 'बील स्ट्रीट ब्लूज बॉय' हे तिथलं नाव, त्याचं ब्लूज बॉय, त्याचं बी. बी. १९५२ मध्ये 'थ्री ओ'क्लॉक ब्लूज' पहिल्या नंबरला गेलं आणि मग जो प्रवास सुरू झाला तो थांबलाच नाही. १९५६ या एका वर्षात ३४२ कार्यक्रम. आम्ही सीझनला चाळीस केले तरी कीबोर्डवाल्याची बायको माहेरी जायची.

कुक काउंटीच्या तुरुंगातलं १९७० चं रेकॉर्डिंग मिळालं तर सुरुवातीची दोन मिनिटं वगळू नका. निवेदिका शेरीफचं नाव घेते आणि कैदी हुर्यो करतात. मग न्यायाधीशाचं नाव घेते, आणखी मोठी हुर्यो. गणेश मंडळाच्या स्टेजवर नगरसेवकांचा सत्कार चालू असताना मागं गिटार धरून उभं राहिलेल्या माणसाला या दोन मिनिटांत जो आनंद मिळतो तो शब्दात सांगता येणार नाही.

असो. दुकानाकडं येतो.

जुलैमध्ये दिलेली गिटार ऑगस्टमध्ये बघायला गेलो तर भोपळ्यांच्या शेजारी तशीच टांगलेली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तशीच. फोन उचलत नाहीत. १६ सप्टेंबरला मी घरी मोबाईलवर रीगलचं रेकॉर्डिंग ऐकत बसलो, रिकाम्या हातानं. दुसऱ्या दिवशी जाऊन आवाज चढवला. चाचा शांतपणे म्हणाले, "पावसात सांधा चिकटवला तर धरतो. दिवाळीत सुटतो. मग कुणाच्या नावानं बोंब मारणार?" हवेतला ओलावा गेल्याशिवाय ते लाकडाला हात लावत नाहीत. मुद्दा पटला. पण मग जुलैमध्ये गणपतीचा वायदा कशाला दिला? याला त्यांचं उत्तर, "तुम्ही नाराज झाला असता."

एक तारा तिथं गेला.

आता काम. मान काढताना रंगाचा एक टवकाही उडाला नाही. सांधा बसवून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून ठेवला होता. सुटलेल्या कडेला आतून तूणीची बारीक चीप दिलीय. म्हणजे माझ्या चिनी गिटारीत आता तंबोऱ्याचं लाकूड आहे. नट हाडाचं, सहा खाचा, प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणं वेगळी, आणि धार पट्टीच्या बाजूला. पहिली तार मोकळी छेडली की आता घंटेसारखी सुटते आणि किती तरी वेळ तरंगत राहते. चाचा त्याला आस म्हणतात. "तुमच्या त्या किंगला आस पाहिजे. मी तेवढंच बघितलं."

काय होत नाही तेही लिहितो. वायरिंगचं काम ते करत नाहीत. पाण्यानं गंजलेली दोन बटणं आणि जॅक मी सांगलीत एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून ३५० रुपयांत बदलून घेतला. पट्ट्या, म्हणजे फ्रेट, झिजल्या असतील तर दुसरीकडं जा. काळ्या रंगाची डागडुजी करताना त्यांनी जो काळा लावलाय तो उन्हात किंचित जांभळा दिसतो. पावती मिळत नाही. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं आकडे लिहून दिले, बेरीज वीस रुपयांनी माझ्या फायद्याची चुकलेली, ती मी दाखवली तर राहू द्या म्हणाले. गल्लीत चारचाकी नेऊ नका. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. आणि गिटार घाईची असेल तर जूनच्या आधी टाका किंवा दिवाळीनंतर.

दोन हजारांच्या आतली गिटार घेऊन जाणाऱ्यांना एक विनंती. नेऊ नका. ते ना म्हणणार नाहीत, तुम्ही नाराज व्हाल म्हणून.

किंग १४ मे २०१५ ला लास वेगासमध्ये गेला, ८९ वर्षांचा होऊन, शेवटच्या वर्षापर्यंत स्टेजवर बसून वाजवत. त्याला पुरलं इंडियानोलाला, त्याच्याच नावाच्या संग्रहालयाच्या आवारात. ते संग्रहालय २००८ मध्ये उघडलं, आणि त्याचा एक भाग म्हणजे विटांचं जुनं जिनिंग, जिथं तो तरुणपणी कामाला होता. हे चाचांना गिटार घ्यायला गेलो तेव्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याची ती खरी गिटार तिथं ठेवलीय का, आणि ठेवली असेल तर तारा सैल करून ठेवल्यात का, नाहीतर मान जाईल.

जुनं प्लास्टिकचं नट मी मागितलं, आठवण म्हणून. दिलं नाही. खिडकीत, कानशींच्या डब्याशेजारी ठेवलंय. मुलाला शिकवायला लागेल म्हणाले.